पूर्ण जोराचं बटण

घण्याला घण्या म्हणत ते उगाच नाही. जुन्या इमारती पाडणाऱ्या टोळीत तो घण चालवायचा. ज्या भिंतीपुढे बाकीचे गडी घामाघूम होऊन बसकण मारायचे, ती भिंत हा जेवणाच्या सुट्टीआधी झोपवायचा. त्याच्या हाताला जोर कळायचा. जोर कमी कसा करायचा, ते मात्र त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

शिकवणार कोण? लहानपणी मार हा त्यांच्या घरातला रोजचा घास होता. बाप पट्ट्याने मारायचा, आई हाताला येईल त्याने, आणि घण्या अंगापिंडाने वाढल्यावर समोर येईल त्याला. फक्त धाकट्या बहिणीवर, बारकीवर, त्याने कोणाचा हात पडू दिला नाही. एकदा बापाचा पट्टा तिच्यावर उठला, तेव्हा घण्याने बापाचं मनगट धरून असं पिरगाळलं, की त्या दिवसापासून बाप डाव्या हाताने जेवायला लागला.

गेल्या साली एका कामावर मुकादमाने आधाराचे खांब न लावताच भिंत पाडायला लावली. भिंतीखाली एक गडी गेला. मुकादम पान चघळत म्हणाला, "पळायचं ना मग त्याने. पाय दिलेत कशाला?" घण्याने घण बाजूला उभा केला, बाह्या सारल्या आणि मुकादमाचा जबडा असा फोडला, की पुढे कित्येक महिने तो माणूस नळीने जेवत होता. घण्या तुरुंगात गेला. सुटला तो अटीवर. ठाण्यातल्या साहेबांनी समोर बसवून सांगितलं, "ज्या दिवशी तुझा हात कोणावर पडेल, त्या दिवशी तू पुन्हा आत. मग बाहेरचं ऊन विसर."

तेव्हापासून घण्या हात खिशात घालून चालायचा. लोक हसायचे. हसू दे.

आणि मग बारकी आली. पायात चप्पल नाही, ओठ फुटलेला, छातीशी उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला लॅपटॉप, आणि डाव्या हाताची दोन बोटं अशा बाजूला वळलेली, की ज्या बाजूला माणसाची बोटं वळत नाहीत.

तिचा नवरा भोंगेवाला. सभा-समारंभांना भोंगे, स्पीकर, माईक पुरवायचा, म्हणून साऱ्या गल्लीत तेच नाव. शिवाय नाटकांना आणि जाहिरातींना चाली करून द्यायचा. चाली बारकीच्या, नाव त्याचं. ती घरात बसून कीबोर्डवर चाल बांधायची, हा बाहेर जाऊन हार घालून घ्यायचा. सगळं सुरळीत चाललं होतं. पण एका नाटकवाल्या बाईंना कुठून तरी खरं कळलं, आणि त्यांनी बारकीलाच विचारलं, "पुढच्या नाटकाचं संगीत तुझ्या नावाने करशील का?" बारकी हो म्हणाली. भोंगेवाल्याने ते ऐकून घेतलं. तिचा हात धरून दाराच्या चौकटीत ठेवला आणि दार लावून घेतलं. मग कीबोर्ड उचलून जिन्यावरून खाली टाकला.

हे ऐकल्यावर घण्याने खाटेखालून घण ओढला आणि तो जिन्याकडे निघाला. बारकी धावत त्याच्यापुढे जाऊन पायरीवर बसली.

"ऊठ तिथून."

"नाही उठत. दादा, तो वाटच बघत असेल. तू गेलास की तू आत. मग मी कुठे जायचं? मला जगात दुसरं दार आहे का?"

घण्याच्या मानेची शीर दोरीसारखी वर आली होती. मग त्याने घण परत खाटेखाली सारला आणि बहिणीला दवाखान्यात नेलं. तिथे बोटांना पट्ट्या बांधल्या. बोटं सरळ करताना ती किंचाळली नाही. घण्याच ओरडला. डॉक्टरीणबाईंनी त्याला बाहेर बसवलं.

दुसऱ्या दिवशी त्याने सिमेंटच्या रिकाम्या गोणीतून एक जिन्नस आणून तिच्यापुढे ठेवला. रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे जुना पडलेला मिडी कंट्रोलर. पेटीसारख्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, बाजूला रबराचे चौकोनी पॅड, आणि बुडाला जाड लोखंडी पत्रा. उचलला तर मनगट भरून यावं इतका जड.

"हाच म्हणाली होतीस ना? संध्याकाळी त्या बाई येणारेत ना चाल न्यायला?"

बारकीने उजव्या हाताने पट्ट्यांवरची धूळ पुसली. तिचे डोळे भरून आले. पण रडत बसायला वेळ नव्हता.

घण्याची खोली शिंपीणमावशीच्या दुकानाच्या माथ्यावर. खाली दिवसभर शिवणयंत्राची खडखड, वर एक खाट, एक टेबल, एक खिडकी. बारकीने लॅपटॉप टेबलावर उघडला, यूएसबीची वायर लावली. कंट्रोलरचा दिवा पेटला. घण्याने लगेच अंगठ्याने एक पॅड दाबला. काहीच नाही. जोराने दाबला. मग मूठ आपटली.

"मेलंय हे. त्या दुरुस्तीवाल्याने मला टोपी घातली. थांब, आत्ता जाऊन त्याचे दात..."

"दादा! बस खाली. याच्या पोटात आवाज नसतोच. कुठली पट्टी दाबली, केव्हा दाबली आणि किती जोराने दाबली, एवढंच हे कळवतं. आवाज लॅपटॉप काढतो."

घण्याने जरा विचार केला. "म्हणजे मार याने खायचा आणि ओरडायचं दुसऱ्याने."

बारकी हसली. आल्यापासून पहिल्यांदा. हसताना तिचा फुटलेला ओठ पुन्हा चिरला आणि हनुवटीवर रक्ताचा थेंब आला. तो तिने पदराने टिपला आणि पडद्यावर सेटिंग उघडलं.

"हे बघ, इथे अजून माझ्या जुन्या कीबोर्डचंच नाव आहे. सॉफ्टवेअर अजून त्याचीच वाट बघत बसलंय. तो गेला हे त्याला कोणी सांगितलंच नाही." तिने जुन्या नावापुढची खूण काढली, नव्या नावापुढे केली. "आता दाब."

घण्याने पट्टी दाबली. स्पीकरमधून सूर निघाला, पण दाबल्यानंतर जरा रेंगाळून, आळशी नोकराने हाक मारल्यावर यावं तसा.

"हा उशिरा का बोलतोय?"

"बफर जास्त ठेवलाय. लॅपटॉप आवाज साठवून साठवून सोडतो." तिने आकडा खाली आणला. आता बोट आणि सूर एकाच वेळी पडू लागले.

मग तिने पॅडवर ढोलाचे आवाज बसवले आणि घण्याला शेजारी ओढलं. उजव्या हाताने ती चाल वाजवणार होती, पण डावा हात तर गळ्यात अडकवलेला. ठेके कोण देणार?

"मी?" घण्या म्हणाला. "अगं, मी आयुष्यात टाळीसुद्धा तालात वाजवली नाही."

"भिंत कशी पाडतोस? घण उचलतोस, श्वास घेतोस, टाकतोस. तोच ताल. दोन भावांच्या मारामारीचा प्रवेश आहे. बाई म्हणाल्यात, आधी दबा धरल्यासारखे हळू ठोके हवेत, मग वाढत जाणारे."

घण्याने ठोका दिला. धाडकन आवाज आला. खालून शिंपीणमावशी ओरडली, "अरे माझ्या डोक्यावर मिरे वाटतोस की काय!"

"हळू, दादा."

त्याने हळू मारला. पुन्हा तसाच धाडकन. त्याने नुसतं बोट टेकवलं. तरी धाडकन. पडद्यावर प्रत्येक ठोक्याखाली त्याच्या जोराचा आकडा उमटत होता आणि दर वेळी तो शेवटचाच, एकशे सत्तावीस.

घण्याचा चेहरा उतरला. "बघ. मी सांगत होतो. हळू माझ्या हातातच नाही."

बारकीने कंट्रोलर तिरका करून पाहिला. कोपऱ्यात एक छोटं बटण लाल पेटलेलं होतं. "तुझ्या हातांचं काही नाही रे. आधीच्या मालकाने पूर्ण जोराचं बटण दाबून ठेवलंय. हे चालू असलं की किती का हळू मारा, याला एकच कळतं." तिने बटण दाबलं. दिवा विझला. "आता मार."

घण्याने बोट टेकवलं. स्पीकरमधून इतका मंद ठोका आला, की घण्या दचकला. त्याने पुन्हा वाजवला. मग पुन्हा. जरा जोरात, जरा हळू. आकडे चढू-उतरू लागले. तो मोठा, पोलादी माणूस टेबलावर ओणवा होऊन रबराच्या चौकोनाला असं शिवत होता, जसं झोपलेल्या लेकराच्या गालाला शिवावं.

"माझंही असंच कोणीतरी बटण दाबून ठेवलं होतं वाटतं," तो पुटपुटला.

बारकीने ट्रॅक निवडला आणि रेकॉर्डचा लाल दिवा लावला. "आता जे होईल ते सगळं यात राहील. लॅपटॉपची ही लांब पट्टी दाबली की थांबतं, परत दाबली की पहिल्यापासून वाजतं. चल, सुरू."

चार ठोके पडले असतील-नसतील, खाली जिन्याचं दार आपटलं. पायऱ्यांवर बूट वाजले आणि त्यांच्याबरोबर लोखंडाचा खणखणाट, कोणीतरी भिंतीला लोखंड घासत वर येत असल्यासारखा.

भोंगेवाला दारात उभा राहिला. हातात स्पीकरच्या स्टँडचा पाइप.

"काय मेहुणे," तो म्हणाला, "सूरसाधना चाललीय?"

घण्या उभा राहिला. "या, दाजी. बसा."

"बसायला नाही आलो. माझा लॅपटॉप द्या आणि माझी बायको द्या. मग तुम्ही बसा, ढोल बडवत."

"बोटं मोडलीत तुम्ही तिची."

"मी?" भोंगेवाल्याने भुवया चढवल्या.

इथे घण्याची नजर लॅपटॉपवर गेली. लाल दिवा पेटलेला होता. आता जे होईल ते सगळं यात राहील. घण्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हाताने नाही, कानाने धरायचं याला. बोलू द्यायचं. ओकू द्यायचं सगळं. मग ठाण्यात नेऊन साहेबांच्या टेबलावर ठेवायचं. त्याने बारकीकडे बघून लाल दिव्याकडे डोळ्याने खूण केली. बारकीने घाईघाईने मान हलवली. नाही, नाही. घण्याला वाटलं, मारू नको म्हणतेय. त्याने मान डोलावून तिला धीर दिला आणि हात खिशात घातले.

"मी नाही मारणार, दाजी. फक्त खरं सांगा. दारात तुम्हीच धरली ना?"

"मारणार नाही?" भोंगेवाला हसला. "मारून तर बघ. तुझ्या साहेबाला मीच फोन लावतो." आणि त्याने पाइप फिरवला.

पहिला फटका दंडावर बसला. घण्या हलला नाही. दुसरा त्याच ठिकाणी, आणि आतून काहीतरी तडकल्याचा आवाज झाला. तिसरा गुडघ्यामागे. घण्या खाली आला, टेबलाला धरायला गेला, त्याचं कोपर पॅडवर आपटलं आणि स्पीकरमधून ढोल धडधडला.

"अरे वा, ताल आहे की!" भोंगेवाला म्हणाला आणि त्याने पाइप घण्याच्या पाठीवर उतरवला.

"बोला, दाजी," घण्या खालून म्हणाला. तोंडात रक्त भरलं होतं. "कशी मोडलीत? सांगा."

"तुला ऐकायचंच आहे? ऐक. दारात धरली आणि दार लावलं. एकदा नाही, दोनदा. पहिल्यांदा नीट मोडली नव्हती." त्याने बूट घण्याच्या बरगड्यांत घातला. "आणि पुढच्या वेळी उजवा हात. मग बघू कोण तिच्या नावाने संगीत करून घेतं."

बारकी मध्ये पडली. भोंगेवाल्याने तिचा अंबाडा धरला आणि तिचं डोकं कंट्रोलरच्या पट्ट्यांवर दाबलं. एकदम सगळे सूर ओरडले. त्याने पुन्हा उचलून पुन्हा आपटलं. पुन्हा सूर. तिच्या नाकातलं रक्त पांढऱ्या पट्ट्यांच्या फटीत उतरलं.

घण्याच्या मुठी परत खिशात गेल्या आणि इतक्या आवळल्या, की खिशांची शिवण उसवली. त्याची नजर लाल दिव्यावरून हलेना. अजून थोडं. अजून एक वाक्य. हे लेकराला झोपवायचं गाणं नाही, हा फास आहे, आणि भोंगेवाला स्वतःच तो स्वतःच्या गळ्यात घालतोय. सहन कर, बारके. अजून थोडं.

"झालं?" घण्या हात टेकून उठत म्हणाला. ओठ फाटून लोंबत होता. "सगळं बोलून झालं ना? आता तुमचं तुम्हीच ऐका."

"दादा, नको..." बारकी कळवळून म्हणाली. "दादा, त्यात..."

पण घण्याने ती लांब पट्टी दाबली. दिवा विझला. त्याने परत दाबली.

स्पीकरमधून आधी चार मंद ठोके आले. दबा धरल्यासारखे, अगदी बाईंना हवे होते तसे. मग बराच वेळ शांतता. मग कोपराचा ढोल. मग शांतता. मग एकदम सगळे सूर. परत सगळे सूर. शब्द एक नाही. किंकाळी नाही, पाइप नाही, बूट नाही, दार नाही, बोटं नाहीत.

घण्या वाट बघत राहिला. अजून येईल. आता येईल.

आधी भोंगेवाल्याला कळेना. मग कळलं, आणि तो इतका हसला की त्याला भिंतीला टेकावं लागलं. "अरे दगडोबा! तुला वाटलं हा तुझा साक्षीदार? अरे, याला माईक लागतो, माईक! हे डबडं नुसते ठोके मोजतं. म्हणून एवढा मार गप गिळलास होय?" त्याने डोळे पुसले. "बायको माझी अडाणी, तिचा भाऊ सवाई अडाणी. चल गं. उचल तो लॅपटॉप." आणि त्याने बारकीचा पट्ट्या बांधलेला हातच धरून ओढला.

ती अशी ओरडली की खिडकीबाहेरचे कावळे उडाले.

घण्याच्या आत काहीतरी सुटलं. सहन करायला आता कारणच उरलं नव्हतं. त्याचा चांगला हात खाटेखाली गेला आणि घणाचा दांडा ओळखीच्या माणसासारखा मुठीत आला. तो उभा राहिला. भोंगेवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं, पण जीभ वळवळायची थांबली नाही.

"हां! आता कसा वळणावर आलास! मार. मार ना! जन्मभर सड आत!"

घण हळूहळू खांद्यापर्यंत गेला. घण्याला समोर माणूस दिसत नव्हता. भिंत दिसत होती, आणि भिंतीची ती जागा दिसत होती जिथे एकच ठोका पुरतो.

बारकीने दादाचा खांदा पाहिला. तो खांदा ती लहानपणापासून ओळखत होती. तिने उजव्या हाताने आणि डाव्या कोपराने कंट्रोलर टेबलावरून उचलला. वायर ताणली आणि निसटली. लोखंडी बूड पुढे करून तिने तो भोंगेवाल्याच्या तोंडावर घातला.

असा आवाज स्पीकरमधून कधी निघत नाही. भोंगेवाल्याचे पुढचे दात जमिनीवर घरंगळले. तो गुडघ्यावर आला. तिने पुन्हा घातला, आता पाइप धरलेल्या हातावर. मनगट काडीसारखं मोडलं. पाइप पडला.

"नीट मोडलं का?" बारकी किंचाळली. "सांग, नीट मोडलं का? की दोनदा मोडू?"

लग्नापासून तिने त्याला अहो-जाहोच केलं होतं. भोंगेवाला मार विसरून तिच्याकडे बघतच राहिला.

तिने तिसऱ्यांदा उचलला, आणि या वेळी नेम टाळूवर होता. घण्याच्या हातून घण गळून पडला. त्याने मागून बहिणीला कवेत घेतलं, मोडक्या दंडासकट. ती लाथा झाडत होती, त्याच्या बाहीला चावत होती. आयुष्यात त्याने माणसं मारली होती, फेकली होती. कोणाला आवरलं नव्हतं. कसं आवरतात ते त्याला माहीत नव्हतं. तिनेच शिकवलेला शब्द त्याला आठवला.

"हळू," तो तिच्या कानाशी म्हणाला. "बारके, हळू. हळू."

कंट्रोलर तिच्या हातातून खाटेवर पडला.

भोंगेवाला दाराच्या चौकटीला धरून उठला. दातांच्या जागी नुसतं लाल. "ठाण्यात जातो," तो फेसाळत म्हणाला. "घण्याने मारलं म्हणतो. बाईमाणसाने मारलं हे कोण खरं मानतंय? याचंच नाव घेतो. गेलास तू, घण्या!"

"जा की," मागून आवाज आला. "चल, मीपण येते."

जिन्याच्या वरच्या पायरीवर शिंपीणमावशी उभी होती. गळ्यात मापाची टेप, हातात कापड कापायची मोठी कात्री.

"मघाशी तो ढोल बंद करायला सांगायला वर येत होते," ती म्हणाली, "तर तुझं कीर्तन ऐकायला मिळालं. दार दोनदा लावलंस ना? पहिल्यांदा नीट मोडली नव्हती, नाही का? पुढच्या वेळी उजवा हात? जिन्याच्या वळणावर उभी राहून सगळं ऐकलंय मी. मला रे कशाला माईक लागतोय? देवाने दोन कान दिलेत."

"म्हातारे, तू..."

कात्री एकदा उघडून मिटली. "पुढे बोल. जीभ फार लांब झालीय तुझी, कापून बेतात बसवते." मग ती घण्याकडे वळली. "हात दाखव रे."

घण्याने हात पुढे केले. मुठींच्या हाडांवर एक ओरखडा नव्हता. कातडी शाबूत, नखं स्वच्छ.

"बघून घे," मावशी भोंगेवाल्याला म्हणाली. "साहेबही हेच बघतील. मारणाऱ्याचे हात असे असतात? आता उतर खाली. आणि माझ्या पायऱ्यांवर रक्त सांडू नको, आजच पुसल्यात."

भोंगेवाला उतरला. अर्ध्या जिन्यात तो धडपडला आणि ओरडला, पण मागे वळला नाही. मावशीने दुकानाला कुलूप घातलं आणि त्याच्या मागोमाग ठाण्याच्या दिशेने चालू लागली. टेप गळ्यात तशीच.

खोलीत दोघंच उरली. बारकी खाटेवर बसली. घण्याने ओल्या फडक्याने आधी तिचं तोंड पुसलं, मग स्वतःचं, मग पट्ट्या.

"तो परत येईल, दादा."

"येऊ दे. दात ठेवून गेलाय, न्यायला तर येणारच."

तिला हसू आलं नाही. ती कंट्रोलरकडे बघत होती. शेवटच्या काही पट्ट्या निखळल्या होत्या आणि पत्र्याला पोचा पडला होता.

"आता दवाखान्यात चल. दंड मोडलाय तुझा."

"दंड कुठे पळून जात नाही. बाई संध्याकाळी येणारेत." त्याने कंट्रोलर टेबलावर ठेवला. "मागच्यासारखं करायचं ना? वायर."

त्याने एका हाताने वायर लावली. दिवा पेटला. "सेटिंग. नावापुढे खूण." खूण गेली होती, त्याने ती केली. बोट पडद्यावर फिरवत तो आकडा शोधत राहिला. "बफर खालीच आहे. मग आळशी नोकर जागेवर आहे." मग त्याने कंट्रोलर तिरका केला. आपटण्यात ते कोपऱ्यातलं बटण पुन्हा आत गेलं होतं आणि लाल पेटलं होतं. घण्याने ते नखाने दाबून विझवलं.

बारकी उठून त्याच्या शेजारी आली. पडद्यावर मघाचं रेकॉर्डिंग तसंच होतं. सुरुवातीचे चार ठोके, मग मोकळी जागा, मग कोपर, मग तिच्या डोक्याने वाजवलेले सूर. एवढा मोठा मार, आणि तिथे फक्त ठोक्या-सुरांच्या खुणा, इकडेतिकडे पसरलेल्या काड्यांसारख्या.

"हेच द्यायचं का बाईंना?" घण्या म्हणाला. "मारामारीचा प्रवेश आहे ना?"

तिने एकदा वाजवून ऐकलं. डोळे मिटून, सबंध. मग मान हलवली. "खऱ्या मारामारीला ताल नसतो रे." तिने कोपर पुसलं, सूर पुसले. सुरुवातीचे चार ठोके ठेवले.

लाल दिवा लागला. तिने उजवा हात पट्ट्यांवर ठेवला. एक सूर लावला, मग दुसरा. घण्या ओणवा झाला, श्वास रोखला आणि त्याने पॅडला बोट लावलं. इतकं हलकं, की स्पीकरमधून काहीच आलं नाही. त्याने परत लावलं. पडद्यावर आकडासुद्धा उमटला नाही.

बारकीने त्याच्याकडे पाहिलं. सुजलेल्या डोळ्याच्या फटीतून.

"जरा जोरात, दादा," ती म्हणाली.